पॉइंट रेजच्या कुरणांचा जुना टोपो नकाशा कसा वाचावा

बे एरियात राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांची पॉइंट रेजला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला समुद्रात घुसलेल्या भूशिरावर, एक तरी फेरी झालेली असते. दीपगृह बघायचं, किनाऱ्यावर पहुडलेले हत्ती सील बघायचे, थंडी-वाऱ्याला नावं ठेवत परत यायचं. पण दीपगृहाकडे जाताना रस्त्याच्या कडेला ‘हिस्टॉरिक सी रँच’, ‘हिस्टॉरिक बी रँच’ (रँच म्हणजे गुरं पाळण्याची मोठी शेतवाडी) अशा पाट्या एकामागून एक लागतात, त्यांचं काय? अक्षरं उलट्या क्रमाने का येतात? एफ रँचच्या जागी इमारत का दिसत नाही? याची उत्तरं जुन्या टोपोग्राफिक नकाशात, म्हणजे जमिनीचे चढउतार रेषांनी दाखवणाऱ्या नकाशात मिळतात, आणि तो नकाशा घरबसल्या फुकट मिळतो. फक्त वाचता यायला हवा.

सह्याद्रीत भटकताना सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट हाताळलेल्यांना निम्मं काम येतंच. उरलेलं निम्मं फूट-मैलांचं, अमेरिकन खुणांचं आणि या जागेच्या इतिहासाचं आहे. ज्यांनी टोपोशीट कधी उघडलेलीच नाही, त्यांनी पायऱ्या गाळू नयेत.

आधी जागेची थोडी ओळख

इतिहासाचा सांगाडा डोक्यात असला की नकाशावरची निम्मी नावं आपोआप उलगडतात. हा मूळचा कोस्ट मिवोक या आदिवासी लोकांचा प्रदेश. ६ जानेवारी १६०३ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, सेबास्तियन व्हिस्काइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी इथून गेला आणि भूशिराला ‘राजांचं टोक’ हे नाव पडलं. पुढे मेक्सिकोच्या राजवटीत जमिनीची मोठमोठी इनामं वाटली गेली. १८३६ मध्ये जेम्स बेरी आणि राफाएल गार्सिया यांना मिळालेली इनामं त्यातलीच. कॅलिफोर्निया अमेरिकेत आल्यावर मालकीचे खटले उभे राहिले, आणि १८५० च्या दशकात बरीचशी जमीन शेवटी वकिलांच्याच पदरात पडली: ऑस्कर आणि जेम्स शाफ्टर हे भाऊ, आणि त्यांच्यासोबत चार्ल्स वेब हॉवर्ड.

या मंडळींनी भूशिराचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यावर गोठा आणि घर बांधलं आणि ते कुळांना भाड्याने दिले. तुकड्यांना नावं इंग्रजी मुळाक्षरांची. ए रँच दीपगृहाच्या सर्वांत जवळ, डब्ल्यू रँच आज जिथे बेअर व्हॅलीचं माहिती केंद्र आहे तिथे, आणि झेड रँच माउंट विटनबर्गच्या उतारावर. म्हणजे तुम्ही दीपगृहाकडे गाडी चालवता तेव्हा मुळाक्षरं उलटी वाचत जाता. उत्तरेचं टोमॅलेस पॉइंट तेवढं सॉलोमन पिअर्सने विकत घेतलं, म्हणून ते या अक्षरमालेत नाही.

धंदा लोण्याचा होता. धुकं आणि ओलसर हवा यामुळे गवत बराच काळ हिरवं राही, आणि सॅन फ्रान्सिस्कोची बाजारपेठ शिडाच्या जहाजाने गाठता येत असे. नकाशा वाचताना हे विसरू नका: इथल्या पायवाटा, गोठे, धक्के, सगळं गाय, लोणी आणि जहाज या तिघांच्या सोयीने बसलेलं आहे.

कोणती शीट उतरवायची

यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८७९ मध्ये स्थापन झालं. १८८४ ते २००६ या काळातले त्यांचे छापील टोपो नकाशे आता स्कॅन करून ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर ठेवले आहेत. तिथे नकाशावर पॉइंट रेजला बोट ठेवा, की त्या जागेच्या सगळ्या शीट वर्षाप्रमाणे समोर येतात.

तुम्हाला दोन प्रकार लागतील. (इथलं मिनिट वेळेचं नाही, अक्षांश-रेखांशाच्या अंशाचा साठावा भाग.) एक, १५ मिनिटांची शीट, प्रमाण १:६२,५००. यात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६२५ मीटर. दुसरी, साडेसात मिनिटांची शीट, प्रमाण १:२४,०००. एक सेंटिमीटर म्हणजे २४० मीटर. जुन्या एका शीटच्या जागेत नव्या चार बसतात. या अक्षांशावर साडेसात मिनिटांची शीट साधारण १४ किलोमीटर उंच आणि ११ किलोमीटर रुंद भरते. भूशिरासाठी ड्रेक्स बे, इनव्हर्नेस, टोमॅलेस आणि डबल पॉइंट या नावांच्या शीट शोधा. रँच बघायच्या असतील तर १:२४,००० पासून सुरुवात करा. जुनी १५ मिनिटांची शीट दिसायला देखणी असते, पण नवख्याला तिच्यात काळे ठिपके आणि तपकिरी गुंता याखेरीज काही दिसत नाही.

फाइल कोणत्या रूपात घ्यायची? नुसतं बघायचं तर जेपीईजी पुरे. गूगल अर्थवर टाकायचं असेल तर केएमझेड. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर जिओटिफ. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: पडद्यावर मोठं-लहान केलं किंवा घरच्या प्रिंटरवर छापलं की ‘१:२४,०००’ हा आकडा निरुपयोगी होतो. अंतर नेहमी तळाच्या रेषाप्रमाणावरून, म्हणजे मैल-फुटांच्या खुणा असलेल्या पट्टीवरून मोजा. चित्र ताणलं तरी ती पट्टी सोबत ताणली जाते.

चित्राआधी समास

सगळ्यांना थेट मधोमध उडी मारायची घाई असते. शीटच्या चारी बाजूंच्या कोऱ्या पट्टीत जे बारीक अक्षरात लिहिलंय, ते आधी वाचा.

तिथे तीन वेगळ्या तारखा सापडू शकतात. हवाई छायाचित्रं कधी घेतली, प्रत्यक्ष जाऊन तपासणी कधी केली, आणि शीट कधी छापली. नावाखाली मोठ्या अक्षरात जे वर्ष असतं ते वाचून ‘तेव्हा हा गोठा उभा होता’ असं म्हणू नका. गोठ्याची साक्ष छायाचित्राच्या किंवा तपासणीच्या वर्षाची. त्यात पुढे जांभळ्या रंगात केलेली दुरुस्ती असेल तर आणखी एक तारीख वाढते. जांभळा रंग म्हणजे नंतरच्या हवाई छायाचित्रांवरून घातलेली भर, आणि तिच्यासाठी जागेवर कोणी गेलेलं नाही असं बहुधा समासातच कबूल केलेलं असतं.

मग उंचीचा अंतराल, म्हणजे लागून असलेल्या दोन उंचीरेषांमधला फरक बघा. तो रेषाप्रमाणाच्या खाली, फुटांत दिलेला असतो. शेजारच्या दोन शीटमध्ये तो वेगळा असू शकतो, त्यामुळे एका शीटवर दाट दिसणारा उतार दुसरीवर विरळ दिसला तर डोंगर बदलला असं समजू नका. चुंबकीय उत्तरेचा बाण दिसेल, तोही त्या वर्षापुरताच खरा. चुंबकीय उत्तर सरकत राहते, तेव्हा होकायंत्र घेऊन फिरायचं तर आजचा कोन घ्या.

आणि ‘१९२७ नॉर्थ अमेरिकन डेटम’ ही ओळ शोधून ठेवा. डेटम म्हणजे ज्या आधारावरून जागा किंवा उंची मोजली तो आधार. तिचं काम पुढे आहे.

रेषांवरून जमीन उभी करा

तपकिरी रेषा समान उंचीच्या. दर पाचवी रेषा जाड, तिच्यावर आकडा. रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. इंग्रजी व्हीसारखं टोक चढाच्या दिशेने असेल तर ओढा किंवा घळ, उताराच्या दिशेने असेल तर सोंड. दोन टेकड्यांच्या मध्ये रेषा डमरूसारख्या आवळल्या की ती खिंड. सह्याद्रीत फिरलेल्यांना नवीन काही नाही, फक्त आकडे फुटांत. माउंट विटनबर्ग १,४०७ फूट, म्हणजे जेमतेम ४२९ मीटर.

सरावासाठी पॉइंट रेजइतकी चांगली जागा मिळणं अवघड, कारण इथे दोन अगदी वेगळी भूरूपं एकमेकांना चिकटून आहेत. पश्चिमेला ड्रेक्स एस्टेरो ही खाडी हाताच्या बोटांसारखी आत शिरलेली आणि भोवती चढउताराची कुरणं. पूर्वेला इनव्हर्नेस रिजची धार, आणि धारेपलीकडे एक चमत्कारिक सरळ दरी, जिच्या उत्तर टोकाला टोमॅलेस बे आणि दक्षिण टोकाला बोलिनास लगून.

या दरीवर जरा वेळ घालवा. निळ्या रेषांचा पाठपुरावा करा. ओलेमा क्रीक वायव्येकडे वाहत टोमॅलेस बेला मिळतो. पाइन गल्च क्रीक आग्नेयेकडे बोलिनास लगूनला. दोन्ही एकाच दरीत, काही अंतर अगदी शेजारून, आणि एकमेकांच्या विरुद्ध दिशेने! साध्या दरीत पाणी असं वागत नाही. इथे खालून सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीच्या कवचातली मोठी भेग गेलीय. भ्रंशरेषेवर खडकाचा चुरा होतो, जमीन सरकते, मध्येच उंचवटे उभे राहतात आणि ओढ्यांना भलतीकडे वळावं लागतं. भूगर्भशास्त्राचं अक्षरही वाचलेलं नसलं तरी नकाशावर हे डोळ्यांना दिसतं.

१९०६ च्या भूकंपात बेअर व्हॅलीजवळच्या एका रँचचं कुंपण सुमारे १६ फूट सरकलं होतं. भूगर्भशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने या भागातल्या भूकंपाच्या खुणांची मोजमापं आणि छायाचित्रं घेतली, आणि तसं तुटलेलं कुंपण आज अर्थक्वेक ट्रेलवर पुन्हा उभं करून दाखवलं आहे. ते वाचून काही जण जुन्या शीटवर ही सरक शोधायला बसतात. नका बसू. १६ फूट म्हणजे १:२४,००० वर ०.२ मिलिमीटर, छापलेली रेघच तेवढी जाड असते. शिवाय या प्रमाणावर ठळक वस्तूंपैकी दहातल्या नऊ ४० फुटांच्या आत बरोबर असाव्यात, एवढंच अचूकतेचं मानक आहे.

रँच कशी ओळखायची

आता मुख्य काम. मोठ्या रस्त्यापासून, बहुतेक सर फ्रान्सिस ड्रेक बुलेव्हार्डपासून, फुटलेली तुटक दुहेरी रेघ शोधा. ती कच्च्या रस्त्याची खूण. तिच्या शेवटाला काळे चौकोन असतील. १९५० च्या दशकातल्या साडेसात मिनिटांच्या शीटवर हे चौकोन दोन प्रकारचे असतात, आणि हा भेद फार उपयोगी आहे: भरीव काळा चौकोन म्हणजे राहतं घर किंवा कामाची जागा, पोकळ किंवा रेघा मारलेला चौकोन म्हणजे गोठा, कोठार वगैरे. त्यामुळे एखाद-दोन भरीव आणि त्यांच्याभोवती दोन-चार पोकळ, त्यातला एखादा लांबट, असा घोळका दिसला की डेअरी रँच सापडली म्हणायला हरकत नाही. नुसता एकटा भरीव चौकोन असेल तर घाई करू नका. १:६२,५०० च्या जुन्या शीटवर हा भेद दिसेलच असं नाही.

घोळका सापडला की त्याच्याभोवतीच्या रेषा वाचा. हा किनारा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे, तेव्हा घर उघड्या माथ्यावर आहे की सोंडेच्या आडोशाला, हे बघण्यासारखं असतं. मग पाणी. जवळ निळी तुटक रेघ असेल तर तो हंगामी ओढा. लहानसा निळा ठिपका किंवा बांधाच्या मागे साचलेलं पाणी असेल तर गुरांसाठीचं तळं. आधीच्या शीटवर नसलेलं तळं नंतरच्या शीटवर जांभळ्यात उमटलं असेल, तर ते दोन तारखांच्या मधलं बांधकाम समजा.

हिरवा रंग फसवा आहे. नव्याला वाटतं हिरवं म्हणजे गवत. नाही, हिरवं म्हणजे झाडी. गुरांचं कुरण पांढरं असतं. इनव्हर्नेस रिज हिरवीगार आणि तिच्या पश्चिमेचा भाग पांढरा दिसला की जंगल आणि चराई यांची सीमारेषाच हाती येते. मात्र हिरवा थर काही छपायांत घातला जात असे, काहींत नाही. संपूर्ण शीटवर कुठेच हिरवं नसेल, तर पांढऱ्यावरून काहीही ठरवू नका.

लाल रेघा आणि नावं

लांबलचक लाल तुटक रेघा आणि विरळ, ऐसपैस लाल अक्षरं दिसतील. ‘पुंता दे लोस रेयेस’, ‘तोमालेस इ बाउलिनेस’ अशी. ही मेक्सिकन इनामांची नावं आणि हद्दी आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागात जमीन सहसा एक मैलाच्या चौकोनांत मोजलेली असते आणि टोपो शीटवर त्या चौकोनांचे आकडेही असतात. इनामाच्या हद्दीत ही जाळी थांबते, कारण ती जमीन सरकारी मोजणीच्या आधीच खासगी झालेली होती. त्यामुळे इथल्या रँचच्या हद्दी चौकोनी मोजणीप्रमाणे नाहीत. धार, ओढा, खाडी यांना धरून शाफ्टर आणि हॉवर्ड यांच्या वाटण्या झाल्या. टोपो नकाशा खासगी मालकीची हद्द दाखवत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. कुणाची जमीन कुठपर्यंत हा प्रश्न असेल तर काउंटीच्या नोंदी बघाव्या लागतील.

काळ्या आणि निळ्या नावांकडे या. ड्रेक्स एस्टेरोच्या बोटांची नावं बघा: स्कूनर बे, क्रीमरी बे, होम बे. लोण्याची शिडाची जहाजं, लोण्याचा कारखाना आणि होम रँच, धंद्याचा सगळा पत्ता खाडीच्या नावांत. अशा नावांची स्वतंत्र यादी करून ठेवा. इमारत पडते, रस्ता बुजतो, पण नाव नकाशाकार पुढच्या शीटवर उतरवत राहतो. याचीच दुसरी बाजू अशी, की नाव छापलंय म्हणून ती वस्तू त्या वर्षी चालू होती असं म्हणता येत नाही.

किनारा: इथे सावध राहा

समुद्राकाठची रेघ म्हणजे सरासरी भरतीची अंदाजे रेषा. समुद्रातल्या खोलीचे आकडे असतील तर ते सरासरी नीचतम ओहोटीपासून मोजलेले. एकाच शीटवर पाण्याचे दोन आधार, आणि जमिनीची उंची तिसऱ्याच आधारावर. म्हणून जमिनीच्या शून्य उंचीची रेषा आणि किनाऱ्याची रेघ एकच मानून हिशेब मांडू नका. लिमंतूरची वाळूची दांडी किंवा ॲबट्स लगूनचं तोंड दोन शीटमध्ये वेगळं दिसलं, तर ते बदल खरे असू शकतात, वाळू हलतेच. पण आधी दोन्हींचा डेटम आणि तारखा जुळवा.

किनाऱ्याचा आणखी मागचा काळ हवा असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या यूएस कोस्ट सर्व्हेच्या टी-शीट शोधा. त्या हाताने काढलेल्या, बऱ्याचदा १:१०,००० इतक्या मोठ्या प्रमाणावरच्या. उद्देश जहाजांच्या सोयीचा, पण किनाऱ्यालगतची घरं, कुंपणं, शेतं असा तपशील त्यांत सापडतो जो पुढच्या यूएसजीएस शीटवर कधीच आला नाही. आतल्या भागात मात्र त्या कोऱ्या असतात.

आजच्या चित्रावर बसवा

केएमझेड गूगल अर्थमध्ये उघडा आणि पारदर्शकता कमी-जास्त करत जुनं-नवं ताडून बघा. कुठे जुळतंय हे तपासायला घट्ट जागा घ्या: १८७० चं दीपगृह, रस्त्यांचे जुने तिठे. वळणदार ओढा किंवा किनाऱ्याची रेघ यासाठी घेऊ नका.

सगळंच्या सगळं एकाच दिशेने ९०-१०० मीटर सरकलेलं दिसलं, तर तो सर्व्हेअरचा दोष नाही. समासातली ती १९२७ ची ओळ इथे कामाला येते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९२७ आणि १९८३ च्या डेटममध्ये साधारण तेवढाच फरक पडतो. क्यूजीआयएसमध्ये जिओटिफ उघडला तर फाइलमध्येच डेटमची माहिती असते आणि सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. जेपीईजीवरून अक्षांश-रेखांश हाताने वाचून फोनच्या जीपीएसमध्ये टाकणाऱ्यांचीच गाडी चुकते. मोजमापात १०० मीटर म्हणजे गोठ्याऐवजी शेजारच्या ओढ्यात.

बसवून झालं की एकेका रँचची नोंद करा: अक्षर, शीटचं वर्ष, छायाचित्राचं वर्ष, भरीव किती, पोकळ किती, पाणी कुठे, आज काय दिसतं. एफ रँचपासून सुरुवात करा. आज तिथून बुल पॉइंट ट्रेल निघते, इमारती गेल्या आहेत. मग पिअर्स पॉइंट रँच घ्या. तिथली डेअरी १९७३ मध्ये थांबली, पण इमारती राखलेल्या आहेत आणि लोकांना बघायला खुल्या आहेत. एक गेलेली आणि एक उभी अशा दोन जागा ताडल्या, की नकाशावरचा चौकोन प्रत्यक्षात केवढा असतो याचा अंदाज बसतो.

एक मोठा सापळा राहिला. २००९ पासून यूएसजीएस ‘यूएस टोपो’ नावाच्या नव्या शीट काढतं. त्या संगणकीय माहितीसाठ्यांतून तयार होतात आणि शाळा, रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं असल्या निवडक इमारती सोडल्या तर साधी घरं-गोठे त्यांत नसतात. १९५० च्या दशकातली शीट आणि ही नवी शीट शेजारी ठेवली तर अख्ख्या भूशिरावरच्या रँच पुसल्यासारख्या वाटतात. जुन्या शीटची तुलना उपग्रहचित्राशी करा, यूएस टोपोशी नको.

प्रत्यक्ष जाताना

१९६२ मध्ये केनेडींच्या सहीने हा किनारा राष्ट्रीय सागरतट म्हणून घोषित झाला. त्यानंतर सरकारने रँच विकत घेतल्या आणि तिथल्याच कुटुंबांना भाडेपट्ट्याने राहू दिलं. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार १४ पैकी १२ रँचनी १५ महिन्यांत निघून जायचं मान्य केलं. त्यामुळे कोणती जागा चालू, कोणती रिकामी, हे जाण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सूचनांत बघून घ्या. जुन्या शीटवर रस्ता दाखवलाय म्हणून फाटक ओलांडायची मुभा मिळत नाही. कुणाच्या अंगणात शिरू नका, गुरं असतील तर फाटक जसं होतं तसंच ठेवा, आणि टोमॅलेस पॉइंटला १९७८ मध्ये परत आणलेल्या ट्यूल एल्क या मोठ्या हरणांचे कळप दिसले तर लांबूनच बघा.

शीटचा हवा तेवढा तुकडा कागदावर छापून, तळाच्या रेषाप्रमाणासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. भूशिरावर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, आणि धुक्यात कागद अर्ध्या तासात मऊ पडतो.